गांजाची सोसायटी

२०२५च्या सप्टेंबरअखेर जर्मनीच्या गांजा-कायद्यावरचा अंतरिम अहवाल आला आणि ज्याला त्याला त्यात आपल्या सोयीचं वाक्य सापडलं. कायदा गुंडाळायला निघालेल्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाच्या मंडळींनी बोट ठेवलं ते आपल्याच सभासदांसाठी गांजा पिकवणाऱ्या सभासद-क्लबांवर. एवढा गाजावाजा करून ना-नफा क्लब काढले, आणि देशाच्या एकूण खपात त्यांचा वाटा पातेलंभर भातात मिठाच्या खड्याएवढाही नाही. मग काळा बाजार मोडायचं काय झालं, हा त्यांचा सवाल. परवानाधारक दुकानं मागणाऱ्यांनीही तेच वाक्य उचललं: क्लबांच्याने काही होत नाही, म्हणून दुकानं द्या. एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं एखाद्या मुद्द्यावर लगेच एकमत झाली की तो मुद्दा कुणीच नीट तपासलेला नसतो, असा माझा अनुभव आहे. इथेही तसंच झालंय. क्लबांना टनांच्या काट्यावर चढवणं हीच मुळात चूक. तो काटा बर्लिनचा आहे आणि हे क्लब लहान गावांच्या मापाचे आहेत. लहान गावात राहून गांजा ओढणाऱ्या प्रौढ माणसासाठी आजवर निघालेल्या सगळ्या वाटांमध्ये क्लबाची वाट सगळ्यात कमी घाण आहे, असं माझं मत आहे. ‘चांगली’ हा शब्द मी मुद्दामच वापरला नाही.

आधी क्लब म्हणजे काय ते पाहू, कारण वाद घालणाऱ्या निम्म्या लोकांच्या डोळ्यांसमोर ॲमस्टरडॅमचं कॉफीशॉप, म्हणजे गांजा विकणारं दुकान, असतं. १ एप्रिल २०२४ पासून जर्मनीत प्रौढ माणसाला २५ ग्रॅमपर्यंत गांजा जवळ बाळगता येतो, घरी तीन झाडं लावता येतात. १ जुलैपासून लागवड-संघांना, म्हणजेच या क्लबांना, परवान्यासाठी अर्ज करता येऊ लागले. एका संघात जास्तीत जास्त ५०० सभासद. वय १८च्या पुढे, जर्मनीत किमान सहा महिन्यांचं वास्तव्य, आणि सभासद व्हायचं तर किमान तीन महिन्यांसाठी, म्हणजे पर्यटकांचा प्रश्नच मिटला. दिवसाला २५ ग्रॅम, महिन्याला ५०. एकविशीच्या आतल्यांना महिन्याला ३० आणि तोही टीएचसी, म्हणजे नशा आणणारं द्रव्य, दहा टक्क्यांपेक्षा जास्त नसलेला. क्लबात बसून ओढायचं नाही. जाहिरात करायची नाही. नफा वाटायचा नाही. येतं ते वर्गणीतून आणि जातं ते बी, वीज, भाडं, तपासणी यांत. सभासदांनी लागवडीला हातभार लावायचा, आणि व्यसनाकडे झुकणाऱ्याला वेळीच ओळखून समुपदेशनाकडे धाडण्यासाठी एक प्रशिक्षित माणूस नेमायचा. आपल्याकडची विकास सोसायटी आणि रेशनचं दुकान यांचं लग्न लावलं तर जे अपत्य होईल, साधारण ते.

देशातला पहिला परवाना जुलै २०२४ मध्ये मिळाला तो गंडरकेझे इथल्या क्लबाला. लोअर सॅक्सनी राज्यातली, ब्रेमेनजवळची ही तीसेक हजार वस्तीची नगरपालिका, तीही बरीचशी विखुरलेल्या खेड्यांची मिळून झालेली. परवाना राज्याच्या कृषिमंत्री मिरियम श्टाउटे यांच्या हातून दिला गेला आणि पहिलं पीक नोव्हेंबरात सभासदांना वाटलं गेलं. कृषिमंत्री कशा? तर त्या राज्यात हे परवाने शेती-चेंबर देतं. मका आणि बटाटा पाहणाऱ्या खात्याने गांजाही पाहावा, एवढा सरळ विचार. बर्लिन, हॅम्बर्ग, कोलोन सोडून पहिला नंबर गंडरकेझेने का मारला? मला यात योगायोग वाटत नाही. लहान गावात गोदाम स्वस्त असतं, शेडला जागा मिळते, आणि ‘फेराइन’ म्हणजे नोंदणीकृत संस्था चालवायची सवय रक्तात असते. नेमबाजांची फेराइन, भाजीच्या वाफ्यांची फेराइन, बोलिंगची फेराइन. सात माणसं जमली, घटना लिहिली, नोंदणी केली की झाली संस्था. इथली, म्हणजे जर्मनीतली, महाराष्ट्र मंडळंसुद्धा अशाच फेराइन आहेत. गणपतीच्या वर्गणीचा हिशेब आणि क्लबाच्या वर्गणीचा हिशेब यांना लागू होणारा संस्थांचा मूळ कायदा एकच.

क्लब नव्हते तेव्हा या गावांत काय होतं? महानगरात दहा विक्रेते असतात. एकाचा माल वाईट निघाला तर माणूस दुसऱ्याकडे जातो. गावात एकच असतो, स्टेशनामागे किंवा पेट्रोलपंपावर भेटणारा. त्याच्याशी वाईटपणा घेऊन चालत नाही. त्याने दिलेल्या पुडीत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. साध्या औद्योगिक भांगेवर कृत्रिम रसायनं फवारून विकलेल्या मालाबद्दल जर्मनीत गेली काही वर्षं इशारे दिले जातात ते उगाच नाही. आणि पुडी हातात ठेवताना तो एक प्रश्न विचारतो: आणखी काही हवंय का? त्याच्या दुसऱ्या खिशात गांजापेक्षा जास्त कमाईचं काहीतरी असतं. गांजा ही पहिली पायरी आणि कोकेन ही दुसरी, असं म्हणणाऱ्यांनी पायऱ्या बांधणारा गवंडी कोण हे कधी पाहिलंय का? दोन्ही माल एकाच हातात असतात म्हणून तो जिना उभा राहतो.

‘मग दुकान उघडा की,’ हे त्यावरचं लोकप्रिय उत्तर. दुकान उघडल्यावर लहान गावाचं काय होतं हे पाहायला जर्मनीच्या शेजारीच जावं. नेदरलँड्समध्ये कॉफीशॉपांना पन्नासेक वर्षांचा इतिहास आहे, आणि तरी साडेतीनशेच्या आसपास नगरपालिकांपैकी जेमतेम शंभरांच्या हद्दीत ती आहेत. बाकीच्यांनी नकोच म्हटलं. म्हणजे दुकानांच्या देशातही बहुतेक लहान गावांतला माणूस एकतर गाडी काढून शहर गाठतो किंवा स्टेशनामागे जातो. आणि ज्या लहान गावाने हो म्हटलं, त्याची गोष्ट टेर्नोझेनची. बेल्जियमच्या सीमेलगतचं हे बंदराचं गाव. तिथलं ‘चेकपॉइंट’ नावाचं कॉफीशॉप इतकं फोफावलं की दिवसाला दोन-तीन हजार गिऱ्हाइकं येऊ लागली, बहुतेक सगळी बेल्जियन आणि फ्रेंच. गर्दी गल्लीबोळांत शिरू नये म्हणून खुद्द नगरपालिकेने कॉफीशॉपकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पाट्या लावल्या. नियमाने दुकानात ५०० ग्रॅमच माल ठेवता येतो. एवढ्या गिऱ्हाइकांना तो किती मिनिटं पुरेल? धाडीत मर्यादेच्या कित्येक पट माल सापडला आणि २००८ मध्ये दुकान बंद झालं. त्या सगळ्या वर्षांत टेर्नोझेनच्या रहिवाशांना काय मिळालं? रांगा, परक्या नंबरांच्या गाड्या आणि बदनामी. दुकानाचं हित गिऱ्हाईक वाढण्यात असतं, आणि लहान गावात गिऱ्हाईक वाढायचं तर ते बाहेरूनच यावं लागतं. यात दुकानदाराच्या नीतीचा प्रश्नच येत नाही, हे साधं गणित आहे.

कॅटलोनियातल्या रास्केराने याचा उलटा धडा दिला. जेमतेम नऊशे वस्तीचं खेडं, आर्थिक मंदीत कर्जाखाली पिचलेलं. २०१२ मध्ये ग्रामपंचायतीने ठरवलं की गावची जमीन बार्सिलोनातल्या एका गांजा-संघाला लागवडीसाठी द्यायची आणि मिळणाऱ्या १३ लाख युरोंतून कर्ज फेडायचं. एप्रिलमध्ये सार्वमत झालं. ५६ टक्के लोक हो म्हणाले. पुढे न्यायालयाने योजना रोखली. स्पेनमधले क्लबही स्वतःला ना-नफाच म्हणवत होते, मग माझी हरकत कशाला? कारण रास्केरात पिकवणारं गाव एक आणि ओढणारं शहर दुसरं. गावाच्या वाट्याला फक्त भाडं आणि धोका. क्लबाचा खरा गाभा ‘ना-नफा’ या शब्दात नाहीच; ज्यांच्यासाठी पिकतं तेच पिकवतात आणि तेच राहतात, यात आहे. जर्मन कायद्याने वास्तव्याची आणि श्रमाची अट घालून नेमकी हीच फट बुजवली. स्पेनमध्ये ती उघडी राहिली म्हणून बार्सिलोनाच्या रांबला रस्त्यावर पर्यटकांना क्लबात ओढून नेणारे दलाल उभे राहिले, आणि २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की शेकडो अनोळखी माणसांच्या संस्थेला ‘मित्रांनी मिळून ओढणं’ म्हणता येणार नाही.

आता टनांकडे. आकडे नगण्य आहेत हे मी मान्य करतो. नाकारणं वेडेपणा होईल. पण पहिल्या वर्षाचे आकडे कशाचे आहेत तेही पाहा. जुलैत अर्ज, मग महिनोन् महिने छाननी, मग झाड वाढायला लागणारा वेळ. २०२५च्या मध्यापर्यंत सगळ्या जर्मनीत क्लब होते सुमारे तीनशे. कायद्याने राज्यांना जिल्ह्यात दर ६,००० लोकांमागे एकच क्लब अशी मर्यादा घालायची मुभा दिली आहे. ही मर्यादा क्लबांना जखडण्यासाठी आहे, असं दोन्ही बाजू समजतात. जरा गुणाकार करून बघा. ६,००० लोकांमागे ५०० सभासद म्हणजे आठ टक्क्यांहून थोडे जास्त. आणि २०२१च्या राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात एकदा तरी गांजा ओढल्याचं सांगणारे प्रौढ होते ८.८ टक्के. म्हणजे सहा हजार वस्तीच्या गावाला एक भरलेला क्लब जवळजवळ सबंध पुरतो! बर्लिनला असे सहाशे क्लब लागतील, जे होणे नाही. शहरात जी अट गळफास आहे, तीच गावात अंगावर मापून शिवल्यासारखी बसते. मग सगळ्या देशाची सरासरी काढून ‘क्लब फसले’ म्हणण्यात काय अर्थ?

यावर माहीतगार माणूस म्हणेल: गावातल्या माणसाला क्लब हवाच कशाला, त्याला तर आता टपालाने मिळतो. खरं आहे, आणि हा मुद्दा दुकानवाल्यांच्या मुद्द्यापेक्षा कितीतरी जड आहे. त्याच एप्रिल २०२४ पासून औषधी गांजा साध्या चिठ्ठीवर मिळू लागला. संकेतस्थळावर चार प्रश्नांची उत्तरं द्या, न भेटलेल्या डॉक्टरची चिठ्ठी घ्या, पार्सल दारात. औषधी गांजाची आयात २०२३ मध्ये ३२ टनांच्या आसपास होती, ती २०२४ मध्ये ७० टनांपलीकडे गेली. एवढे रुग्ण एका वर्षात कुठून उगवले, हे विचारायची गरज नाही. सोयीत क्लब हरतो, निर्विवाद. पण या वाटेवर माणसाला पाहणारं कुणीच नाही. दर आठवड्याला पार्सल घेणारा पोरगा महिनाभरात खंगला, नोकरीला जाईनासा झाला, तर पोस्टमनने ओळखायचं का? क्लबात त्याच दिवशी वाटपाला बसलेली बाई त्याच्या आईला ओळखते. आरोग्यमंत्री नीना वार्केन यांनी डॉक्टरची प्रत्यक्ष भेट सक्तीची करणारं आणि टपालविक्री बंद करणारं विधेयक आणलं ते मला योग्यच वाटतं. फक्त एक: ते दार लावताना त्यांच्या ख्रिस्ती लोकशाही पक्षाला क्लबांचंही दार लावायचंय. दोन्ही दारं लावल्यावर गिऱ्हाईक कुठे जाईल? स्टेशनामागे. साप म्हणून भुई धोपटण्याचा यापेक्षा चांगला नमुना मला सापडत नाही.

आता ज्या आक्षेपाने मला खरंच थांबवलं, तो. वाटपाला बसलेली बाई आईला ओळखते, हे मी कौतुकाने लिहिलं. पण तीच तर अडचण आहे. गावातली शाळामास्तरीण, बँकेतला कारकून, बसचालक सभासद होईल का? नाव नोंदवायचं म्हणजे गावभर होणार. ही भीती काल्पनिक नाही. मे २०१२ मध्ये डच सरकारने दक्षिणेकडच्या तीन प्रांतांतली कॉफीशॉपं बंद सभासद-क्लब केली. फक्त रहिवासी, नाव नोंदवून, दुकानामागे २,००० सभासद. ‘वीड-पास’ म्हणून ते गाजलं. परदेशी पर्यटक घटले, पण स्थानिकांनीही नावं द्यायला नकार दिला, रस्त्यावरचे विक्रेते परत आले, आणि नोव्हेंबरात सरकारने नोंदणी मागे घेतली. सहा महिन्यांत निकाल लागला. क्लबांच्या समर्थकांनी हा प्रसंग लपवू नये.

पण त्यातून निघणारा धडा ‘नोंदणी लोकांना नको’ एवढाच नाही. तिथे नाव देऊन माणसाला नवीन मिळत काय होतं? काल जे बिनबोभाट मिळत होतं तेच, तेवढ्याच पैशांत. मत नाही, माल तपासल्याची हमी नाही, मागच्या दाराने दुकानात येणारा माल तर बेकायदाच. अशा नोंदणीचं काय होतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याप्रमाणे आपल्याकडे प्यायला आजही परवाना लागतो. ‘परमिट रूम’ हा शब्द पाटीवर उरला, परमिट कुणी मागत नाही. जो कागद फक्त सरकारच्या सोयीचा असतो तो माणसं एकतर टाळतात किंवा विसरतात. क्लबाच्या नोंदणीच्या बदल्यात सर्वसाधारण सभेत एक मत मिळतं, कोणती जात लावायची यावर बोलता येतं, पाकिटावर टीएचसीचं प्रमाण लिहिलेलं मिळतं. तरीही मास्तरीण येणार नाही, हे मी धरून चालतो. तिच्यासाठी खिडकीतली तीन झाडं आहेत. वर्षातून दोनदा ओढणाराही तीन महिन्यांची वर्गणी भरणार नाही. क्लब सगळ्यांचा नाही. रोज किंवा आठवड्याला ओढणाऱ्यांचा आहे. पण काळ्या बाजाराचं पोट भरतं ते कुणावर? याच नेमाने येणाऱ्यांवर.

इथे मला एक जुनी साखळी आठवते, आणि ती थेट आपल्या दारापर्यंत येते. १८६४ मध्ये ऱ्हाइनकाठच्या हेडेसडॉर्फ गावात फ्रीडरिश विल्हेल्म राइफायझेन यांनी शेतकऱ्यांची पतसंस्था काढली. सावकाराला पर्याय. नियम काय होते? गावापुरतीच राहायची, सभासद एकमेकांना ओळखणारे हवेत, कारभार बिनपगारी, नफा वाटायचा नाही. शहरी अर्थतज्ज्ञ तेव्हाही हसले असतील: अशा चिमुकल्या पेढ्यांनी देशाच्या सावकारीचा किती टक्का हटणार? मद्रास सरकारने फ्रेडरिक निकल्सन यांना युरोपात हे पाहायला पाठवलं आणि त्यांच्या अहवालाचं सार दोनच शब्दांत सांगितलं जातं: ‘राइफायझेन शोधा.’ त्यातून १९०४चा सहकारी पतसंस्थांचा कायदा आला, ज्याच्या पायावर पुढे महाराष्ट्राची सहकारी चळवळ उभी राहिली. आणि त्याच पायावर बंगालमध्ये आणखी एक इमारत चढली, जिच्याबद्दल आपल्या सहकारातले लोक फारसं बोलत नाहीत. राजशाही जिल्ह्यातल्या नौगावमध्ये सरकारी परवान्याने गांजा पिके. १८९३-९४च्या गांजा आयोगाने हजारावर साक्षी घेऊन ‘बंदी नको, नियंत्रण ठेवा’ म्हटल्यावर ती लागवड चालू राहिली होती. मलई मात्र दलाल खात. १९१७ मध्ये शेतकऱ्यांनी गांजा-उत्पादकांची सहकारी सोसायटी काढली, दलाल बाजूला झाले, आणि उरलेल्या पैशांतून त्या गावात शाळा, दवाखाने, रस्ते झाले. १९८७ मध्ये बांगलादेशाने लागवड बंद करेपर्यंत हे चाललं. म्हणजे गंडरकेझेमध्ये जे घडलं ते फार नवं नाही. जर्मन खेड्यातून निघालेली कल्पना बंगालच्या गांजाच्या वाफ्यांतून फिरून शंभर वर्षांनी माहेरी आली, एवढंच. तुलनेची हद्दही सांगतो. नौगावची सोसायटी बाहेरच्यांना विकत होती, जितका खप तितकी शाळेची भिंत उंच. जर्मन क्लबाला खप वाढवून काहीच मिळत नाही. माझ्या मते ही सुधारणा आहे.

सहकार म्हटल्यावर आपला माणूस लगेच विचारतो, चेअरमन कोण? रास्त प्रश्न. कारखाना, बँक, दूधसंघ यांचं पुढे काय होतं ते आपण पाहिलंय; बिनपगारी चेअरमनच्या दारात दोन गाड्या कशा येतात तेही. इथेही पाचशेतल्या दहाबारा जणांवर सगळं काम पडणार, उरलेले वर्गणी भरून पिशवी घेऊन जाणार, आणि कंटाळलेल्या त्या दहांपैकी कुणीतरी एक दिवस संस्था आपलीच मानू लागणार, हा धोका आहेच. पण पाचशेच्या वर जाता येत नाही, लाभांश नाही, माल बाहेर विकता येत नाही. अशा संस्थेवरून आमदारकीपर्यंत जायचा रस्ता निघत नाही.

कायद्यावर माझा राग वेगळ्याच कारणासाठी आहे. शाळा, बालवाडी, खेळाचं मैदान यांच्या दारापासून २०० मीटरच्या आत क्लब नको. शहरात हे ठीक. पण खेड्यात शाळा, बालवाडी, मैदान सगळं चर्चभोवतीच असतं. दोनशे मीटरची वर्तुळं काढली की गाव संपतं. मुलांना यापासून दूर ठेवायला हवं यात वाद नाही, वाढत्या मेंदूवर गांजाचा परिणाम वाईटच. पण जाहिरात नाही, आत ओढणं नाही, अठराच्या आतल्याला प्रवेश नाही अशा कुलूपबंद खोलीने पोरं बिघडतात आणि उघड्या बियरच्या तंबूने बिघडत नाहीत? बव्हेरियाने २०२४ मध्ये जत्रांत आणि बियर गार्डनमध्ये गांजाला बंदी घातली. बियर गार्डनमध्ये! एका नशेने दुसऱ्या नशेला सभ्यता शिकवण्याचा हा प्रकार.

मी सभासद नाही. ओढत नाही हे एक कारण. दुसरं म्हणजे आपला १९८५चा अमली पदार्थ कायदा परदेशातल्या भारतीय नागरिकालाही लागू आहे असं त्याचं पहिलंच कलम सांगतं, हे इथल्या बऱ्याच मराठी पोरांच्या गावीही नसतं. पण अंतिम अहवाल २०२८ मध्ये यायचा आहे, आणि तो लिहिणाऱ्यांनी एकदा टनांची वही मिटून गंडरकेझेसारख्या गावात जावं. क्लबातल्या माणसांना विचारावं: सभासद व्हायच्या आधी कुणाकडून घेत होतात, किती किलोमीटर जात होतात, पुडीत काय निघालं होतं. आणि ‘आणखी काही हवंय का’ असं तुम्हाला कुणी शेवटचं विचारल्याला आता किती महिने झाले.